पंप घेऊ का? तेल कंपन्यांच्या पाच मोठ्या निर्णयांतून आपल्या धंद्यासाठी काय शिकायचं



"भाव आपल्या हातात नसेल तर धंदा कसा करायचा" हा व्हिडिओ टाकला आणि दोनच दिवसांनी नवापूर तालुक्यातून एका दादांचा फोन आला. त्यांच्या वडिलांची हायवेला लागून जमीन आहे. सुरत-धुळे रोड, गुजरातची हद्द तिथून अगदी जवळ. एका खाजगी तेल कंपनीचा माणूस येऊन गेला. जागा बघितली, फोटो काढले आणि म्हणाला, पंप टाका, आम्ही पाठीशी आहोत. दादा खूश. पण पैसे उभे करायला वडिलांची दुसरी जमीन बँकेकडे गहाण ठेवावी लागणार होती. वडील काहीच बोलत नव्हते. फोनवर दादा मला म्हणाले, "तू शिकवतोस ना लोकांना? मग सांग ना भो, पंप घेऊ का नको?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगू, मला ते येतही नव्हतं. शहाद्यात माझं ऑटो स्पेअर पार्ट आणि इंजिन ऑइलचं दुकान आहे, पंप मी कधी चालवलेला नाही. म्हणून मी दोन कामं केली. एक, पंप चालवणाऱ्या ओळखीच्या दोन-तीन जणांकडे बसून हिशोब समजून घेतला. दोन, बीबीएला असताना स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट नावाचा जो पेपर आपण पाठ करून पास झालो, तो पुन्हा उघडला. या वेळी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि आपल्याच देशातल्या, आपल्याच महाराष्ट्रातल्या तेल कंपन्यांनी कोणते निर्णय घेतले ते बघितलं.

त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथे लिहितोय. लेख मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आधी पंपाचा साधा हिशोब

बऱ्याच लोकांना वाटतं, पंप म्हणजे पैशांचा पाऊस. गल्ला मोठा दिसतो म्हणून तसं वाटतं. पण गल्ला वेगळा आणि कमाई वेगळी.

पंपवाल्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. पेट्रोलवर जास्त, डिझेलवर कमी. दोन्ही मिळून आपण सरासरी तीन रुपये धरू. हे कमिशन कंपनी ठरवते, पंपवाला नाही. सरकारी कंपन्यांनी २०१७ नंतर ते वाढवलं ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या सात वर्षांत पगार वाढले, लाइटबिल वाढलं, कमिशन तिथेच होतं.

आता समजा, पंपावर दिवसाला १,५०० लिटर माल जातो. १,५०० गुणिले ३ म्हणजे ४,५०० रुपये रोज, महिन्याला १ लाख ३५ हजार. आता खर्च बघा. दोन पाळ्यांची सात माणसं धरली तर ८० हजार. लाइट, जनरेटर, दुरुस्ती मिळून २० हजार. ३० लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी व्याज महिन्याला २५ हजार. झाले १ लाख २५ हजार. हातात राहिले १० हजार. कर्जाची मुद्दल अजून फेडायचीच आहे.

तोच पंप दिवसाला ३,००० लिटर विकत असेल तर कमाई २ लाख ७० हजार, खर्च फार तर १ लाख ५५ हजार. हातात १ लाख १५ हजार. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, प्रत्येक जागेचे वेगळे येतील. पण मुद्दा लक्षात आला ना? माल दुप्पट गेला की नफा दुप्पट होत नाही, अकरा पटींपेक्षा जास्त होतो. आणि माल निम्मा झाला की घरातून पैसे घालावे लागतात. असा धंदा पूर्णपणे जागेवर चालतो.

शिवाय आधी पैसे, मग टँकर. आपल्या उत्तर महाराष्ट्रात बराचसा माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून येतो. १२ हजार लिटरचा एक टँकर म्हणजे अकरा लाखांच्या आसपास रक्कम. ती आधी भरायची आणि मग गाडीची वाट बघायची.

हिशोब डोक्यात ठेवा. आता मोठ्या लोकांकडे बघू.

निर्णय १: भाव दुसरा ठरवतो तेव्हा थांबायचं की दुकान बंद करायचं?

रिलायन्सची जामनगरची रिफायनरी १९९९ मध्ये सुरू झाली. नंतर त्यांनी देशभर पंप टाकले. २००८ पर्यंत १,४०० च्या वर पंप झाले होते. हायवेला मोठी जागा, ट्रकवाल्यांना आंघोळीची सोय, ढाबा, स्वच्छता. गिऱ्हाईक खूश होतं.

मग कच्च्या तेलाचा भाव चढायला लागला. जुलै २००८ मध्ये तो पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला. इकडे पंपावरचा भाव सरकारच्या हातात. सरकारी कंपन्यांनी तोट्यात विकलं तर सरकार त्यांना तेल रोखे देऊन बराच भाग भरून द्यायचं. खाजगी कंपनीला ते मिळत नव्हतं. म्हणजे शेजारचा दुकानदार तोट्यात विकतोय, त्याचा तोटा त्याचे वडील भरतायत आणि तुमचा तुम्हालाच भरायचाय. किती दिवस टिकाल?

रिलायन्सने २००८ मध्ये पंप बंद केले. एवढे पैसे घातलेले, एवढं नाव झालेलं, तरी बंद केले. पण पुढे काय केलं ते महत्त्वाचं आहे. रिफायनरी चालूच ठेवली आणि माल परदेशात विकला. त्याच वर्षाच्या शेवटी जामनगरला दुसरी रिफायनरी सुरू झाली, तीही मुख्यतः निर्यातीसाठी. दुकान बंद झालं, धंदा बंद झाला नाही.

जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला, तेव्हा पंप परत उघडायला लागले. २०२० मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीला या धंद्यात ४९ टक्के हिस्सा देऊन एक अब्ज डॉलर घेतले. आज रोडवर जिओ-बीपीचा बोर्ड दिसतो तो त्यातूनच आला.

पण कागदावर भाव मोकळा झाला म्हणजे खरंच मोकळा झाला असं समजू नका. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल भडकलं, तरी एप्रिल २०२२ पासून सरकारी कंपन्यांनी पंपावरचे भाव जवळजवळ गोठवून ठेवले. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघींना मिळून पहिल्या सहा महिन्यांत २१ हजार कोटींच्या वर तोटा झाला. नंतर कच्चं तेल उतरलं तरी पंपावरचा भाव तसाच राहिला, आणि २०२३-२४ मध्ये याच तिघींनी मिळून ८० हजार कोटींच्या वर नफा कमावला. मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लिटरला दोन रुपये कमी झाले.

आपल्यासाठी धडा काय? एक वर्ष तोटा सोसून दुसऱ्या वर्षी भरून काढणं त्यांना जमतं, कारण त्यांचा खिसा खोल आहे. आपल्याला तीन महिने जमत नाही. म्हणून जिथे भाव आपल्या हातात नाही, तिथे उतरण्याआधी विचारायचं: वाईट काळ आला तर मी किती महिने उभा राहीन? आणि दुकान बंद करावं लागलं तर माल विकायला दुसरी वाट आहे का?

निर्णय २: माल कोणाकडून घ्यायचा?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली.

१९५४-५५ मध्ये मुंबईत तुर्भे-माहुल भागात दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. एक स्टॅनव्हॅकची, जिची पुढे एस्सो झाली, आणि दुसरी बर्मा शेलची. तिसरी कॅल्टेक्सची, विशाखापट्टणमला. तिन्ही परदेशी. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयात. सरकारने या कंपन्यांना सांगितलं, हे तेल शुद्ध करून द्या. तिघींनीही नकार दिला. कारण त्या स्वतःच्याच मालकांच्या विहिरींतलं तेल आणत होत्या, बाहेरचा माल कशाला घेतील?

त्या दिवसांत आपल्याला कळलं की आपण गिऱ्हाईक आहोत, पण दुकान आपलं नाही. मग काय झालं? ओएनजीसी १९५६ मध्ये स्थापन झालेलीच होती. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं. आपल्या शहादा-तळोदा-अक्कलकुव्यावरून जो रस्ता जातो, तो पुढे त्याच अंकलेश्वरला पोहोचतो बरं का. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने बॉम्बे हायचं तेल शोधलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. याच काळात एस्सो सरकारच्या ताब्यात येऊन हिंदुस्तान पेट्रोलियम झाली आणि बर्मा शेलची भारत पेट्रोलियम झाली.

आता साठ वर्षं पुढे या. २०२२ पर्यंत आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं. युद्धानंतर युरोपने तोंड फिरवलं, रशियाने सवलत दिली आणि आपल्या कंपन्यांनी भराभर घ्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये हा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त माल, मोठा नफा.

पण स्वस्त मालाबरोबर त्याची भानगडही येते. वाडीनारची एस्सारची रिफायनरी २०१७ मध्ये रशियाच्या रोसनेफ्टच्या गटाने घेतली, तिचं नाव नायरा झालं. नायराचे पंप आपल्या भागातही आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरावर निर्बंध लावले, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्टवर. म्हणजे भांडण कुठलं आणि घाम कोणाला!

आता माझी गोष्ट सांगतो, कारण इथे मीही माती खाल्लीय.

२०१९ च्या दिवाळीआधी एका डिस्ट्रिब्युटरचा माणूस दुकानात आला. स्कीम होती: ठरावीक रकमेचं इंजिन ऑइल एकदम उचला, वर सवलत आणि थायलंडची ट्रिप. मी ४ लाख २० हजारांचा माल उचलला. सगळा ट्वेंटी-फोर्टी ग्रेडचा, कारण तोपर्यंत तोच चालायचा. पैसे कमी पडत होते, म्हणून बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या. ती एकच वाक्य बोलली होती, "हा माल किती दिवसांत संपेल?" मी म्हणालो, तुला नाही कळणार.

एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या सक्तीच्या झाल्या. नव्या बाइकला टेन-थर्टी लागतं. त्यात लॉकडाऊन. तीन महिने दुकानाचं शटर खाली. उघडलं तेव्हा मेकॅनिक येऊन विचारायचे, दादा, टेन-थर्टी आहे का? आणि माझ्या मागे भिंतीला छतापर्यंत ट्वेंटी-फोर्टीचे खोके. थायलंड राहिलं बाजूला. तो माल संपायला दोन वर्षं लागली, निम्मा घाट्यात गेला. बांगड्या सुटल्या त्या २०२२ मध्ये.

चूक डिस्ट्रिब्युटरची होती का? त्याने स्कीम दिली, उचलली मी. बीएस-सहाची तारीख सरकारने काही वर्षं आधीच जाहीर केली होती. मीच वाचली नव्हती. बायकोचा प्रश्न बरोबर होता. आज माझ्या प्रत्येक ट्रेनिंगची सुरुवात त्याच प्रश्नाने होते: हा माल किती दिवसांत संपेल?

निर्णय ३: जागा मिळाली, पण माणसं बरोबर आहेत का?

कोकणातली रिफायनरी तुम्हाला माहीतच आहे. २०१७ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी मिळून रत्नागिरीसाठी कंपनी काढली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायचं, खर्च तीन लाख कोटींच्या आसपास. २०१८ मध्ये सौदीची अरामको आणि अबू धाबीची अ‍ॅडनॉक भागीदार म्हणून आल्या. कागदावर सगळं जमलं. पैसा होता, तंत्रज्ञान होतं, कच्चं तेल देणारेच भागीदार होते.

नाणारच्या गावकऱ्यांनी नाही म्हटलं. आंब्याच्या बागा, मासेमारी, जमीन. मार्च २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना रद्द झाली. मग बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाला गेले तेव्हा पुन्हा मोठं आंदोलन झालं. डिसेंबर २०२४ मध्ये भारत पेट्रोलियमने आंध्र प्रदेशात नव्या रिफायनरीच्या पूर्वतयारीचा खर्च मंजूर केला.

मी इथे कोण बरोबर, कोण चूक असं म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांनी सरदार सरोवरासाठी गावं सोडलीत. जमीन जाणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. मॅनेजमेंटच्या बाजूने एवढंच बघा: तीन लाख कोटींचा प्लॅन अडला तो पैशांवरून नाही. ज्यांच्या दारात तो होणार होता, त्यांना शेवटी विचारलं म्हणून अडला.

आपल्या छोट्या धंद्यातही हेच होतं. घरच्यांना न विचारता कर्ज काढतो, शेजाऱ्याला न सांगता गोडाऊन टाकतो, भावाची सही शेवटच्या दिवशी मागतो. मग म्हणतो, लोक पाय ओढतात. लोक पाय ओढत नाहीत हो, आपण त्यांना आधी सांगितलेलंच नसतं.

निर्णय ४: नवीन विहीर खोदायची की जुनीच नीट करायची?

बॉम्बे हायला आता पन्नास वर्षं झाली. जुन्या विहिरीतून तेल कमी येतं, हे आपल्या शेतातल्या बोअरसारखंच आहे. ओएनजीसीपुढे दोन वाटा. नवीन ठिकाणी शोध घ्यायचा, म्हणजे खर्च मोठा आणि लागेल की नाही याची खात्री नाही. किंवा आहे त्यातूनच जास्त काढायचं.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपीला तांत्रिक मदतीला घेतलं. मालकी ओएनजीसीचीच. बीपीचं काम एवढंच, की जुन्या क्षेत्रातून उत्पादन कसं वाढवायचं ते सांगायचं.

मला यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, पन्नास वर्षं तेच काम करणारी कंपनीसुद्धा म्हणते, बाहेरच्या जाणकाराला बोलावू. आपण मात्र "वीस वर्षं दुकान चालवतोय, मला काय शिकवणार" यातच अडकतो. दुसरी, मदत घेतली म्हणजे मालकी द्यावी लागते असं नाही. सल्ला विकत घेता येतो, भागीदारी देण्याची घाई करू नका.

माझ्या दुकानाची जुनी विहीर कोणती? आधीचे मेकॅनिक. नवीन शाखा काढायचा विचार चालला होता, तो थांबवला. त्याऐवजी वहीत लिहिलं की कोणता मेकॅनिक तीन महिन्यांत आलाच नाही. अकरा नावं निघाली. एकेकाच्या गॅरेजवर जाऊन चहा घेतला. सात परत आले. खर्च झाला चहाचा आणि पेट्रोलचा.

निर्णय ५: उद्याचं काय?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. आधी २०३० म्हणत होते, नंतर अलीकडे ओढून २०२५ केलं. साखर कारखान्यांना वाटलं, आता सोन्याचे दिवस. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला आपला कारखाना आहे, ऊस उत्पादकांना हा विषय नवीन नाही. राज्यात अनेकांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. साखर कमी पडेल ही भीती होती. थोड्याच दिवसांत काही सूट मिळाली, पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. पण त्या हंगामात कर्जाचे हप्ते काही थांबले नव्हते.

दुसरीकडे बीपीने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करू. २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते लक्ष्यच सोडलं आणि म्हणाले, पुन्हा तेलावर जास्त पैसे घालू. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलासुद्धा उद्याचा नेमका अंदाज येत नाही.

मग करायचं काय? इथे शेल कंपनीची जुनी पद्धत कामाची आहे. १९७० च्या सुरुवातीला पिएर वॅक नावाचे त्यांचे अधिकारी भविष्य सांगत बसले नाहीत. "असं झालं तर काय करू, आणि तसं झालं तर काय करू" अशा दोन-तीन गोष्टी ते लिहून काढायचे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, भाव काही महिन्यांत चौपट झाला. शेलने ती शक्यता आधीच कागदावर मांडलेली होती.

मीही केलं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल लागतच नाही, म्हणजे माझा सगळ्यात जास्त खपणारा माल एक दिवस बंद होणार. कधी, ते माहीत नाही. म्हणून वहीत दोन पानं केली. एका पानावर "हळू बदललं तर", दुसऱ्यावर "लवकर बदललं तर". दोन्ही पानांवर जे आलं ते आत्ता सुरू केलं: टायर, ब्रेक, बेअरिंग. गाडी कशावरही चालो, टायर तर झिजणारच.

मग दादांचं काय झालं?

मी दादांना म्हटलं, उत्तर मी देणार नाही, रोड देईल. सात दिवस हायवेवर वही घेऊन बसा.

तिथली खरी अडचण अशी की गुजरातमध्ये पेट्रोल लिटरमागे कित्येक रुपयांनी स्वस्त मिळतं, कारण राज्याचा कर वेगळा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. त्यामुळे सुरतकडे जाणारा बाइकवाला, कारवाला म्हणतो, पुढे भरू. तिकडून येणारा म्हणतो, मागेच भरलं. डिझेलमधला फरक मात्र पेट्रोलच्या मानाने फार कमी असतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की ट्रकवाला इथे थांबेल का?

दादांनी मोजलं. ट्रक भरपूर जात होते. पण थांबत कुठे होते? जिथे आधीच मोठं पार्किंग, ढाबा आणि आंघोळीची सोय आहे तिथे. काही ड्रायव्हरांशी बोलले तेव्हा कळलं की बऱ्याच गाड्यांना मालकाने कार्ड दिलंय, ठरलेल्या कंपनीच्या पंपावरच भरावं लागतं. गावातले ट्रॅक्टर, बाइक धरून दादांचा अंदाज आला दिवसाला १,२०० ते १,५०० लिटर. वरचा हिशोब आठवा. महिन्याला १० हजार, नाहीतर तेही नाही.

मी विचारलं, आणि उद्या दोन्ही राज्यांत कर सारखा झाला तर? दादा म्हणाले, मग पेट्रोलपण जाईल, जागा सोन्याची होईल. मी म्हटलं, बरोबर. पण तो दिवस तुम्ही ठरवणार नाही, आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

त्या रात्री त्यांनी ती वही वडिलांसमोर ठेवली. इतके दिवस गप्प असलेले वडील एवढंच म्हणाले, "जमीन राहिली तर पंप पुढच्या वर्षीपण होईल. जमीन गेली तर काय होईल?"

दादांनी गहाण ठेवलं नाही. कंपनीला सांगितलं, तुम्ही जागा भाडेपट्ट्याने घेत असाल तर बोलू, पैसे मी घालणार नाही. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. तोपर्यंत हायवेच्या कडेला दोन गुंठ्यांत पंक्चर, टायर आणि ट्रॅक्टर ऑइलचं छोटं दुकान टाकलंय, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून. पहिल्या महिन्यात १४ हजार सुटले. पंपाच्या कागदावरच्या १० हजारांपेक्षा जास्त आणि कर्ज शून्य.

एक सूचना. आपल्या जिल्ह्यात जमीन आदिवासी खातेदाराच्या नावावर असेल तर गहाण, भाडेपट्टा, सगळ्याला परवानगीचे नियम वेगळे आहेत. सही करण्याआधी तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारा. कंपनीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या, मोबाइल नको. पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी:

१. माझ्या मालाचा भाव कोण ठरवतं? वाईट काळात मी किती महिने टिकेन?

२. माल देणारा एकच आहे का? तो उद्या बंद झाला तर दुसरा कोण? आणि आत्ता दुकानात असलेला माल किती दिवसांत संपेल?

३. पुढच्या निर्णयात कोणाची संमती लागणार आहे? त्यांना सांगितलंय का?

४. माझी जुनी विहीर कोणती? तिच्यातलं सगळं काढून झालंय का?

५. "हळू बदललं तर" आणि "लवकर बदललं तर" या दोन्ही पानांवर कोणती गोष्ट येते? तीच आत्ता सुरू करा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना घरच्या माणसाला शेजारी बसवा. मी बसवलं नव्हतं, त्याची किंमत दोन वर्षं मोजली.

पुढच्या व्हिडिओत "स्कीमचा माल उचलावा की नाही" याचा पूर्ण हिशोब फळ्यावर करून दाखवणार आहे. दुकान उघडण्याआधी बघा.